मे दिन की कामगारांचा पोळा?

श्रावणाच्या अखेरीस, पिठोरी अमावास्येला, महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पोळा साजरा होतो. दक्षिण महाराष्ट्रात तोच सण बेंदूर म्हणून आषाढात येतो. आदल्या सायंकाळी जू घासून काळे पडलेले बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. सणाच्या दिवशी ओढ्यावर अंघोळ, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळ आणि तोंडी पुरणपोळीचा घास. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही आणि त्याच्यावर आसूड उगारायचा नाही, असा दंडक आहे. गरिबातला गरीब कुणबीही तो पाळतो. सण सुंदर आहे. त्यात कृतज्ञता आहे आणि ती खोटी नाही. परंतु दुसऱ्या दिवशी उजाडताच बैल पुन्हा जुवाखाली असतो. सणाची तिथी, सणाचे जेवण आणि सणाची मुदत यांपैकी एकही गोष्ट ठरविण्यात बैलाचा काडीचाही भाग नसतो.

दर वर्षी १ मे उजाडला की आम्हाला या सणाची आठवण होते, हे आमच्या सहकाऱ्यांना रुचणार नाही याची आम्हाला कल्पना आहे. पण त्या दिवशी सकाळी काय घडते ते पाहावे. सरकारी मैदानावर ध्वजवंदन होते, संचलन होते, मंत्रिमहोदयांचे भाषण होते. कुठे गुणवंत कामगारांना शाल-श्रीफळ दिले जाते. ज्या कारखान्यांनी गेल्या वर्षभरात कायम कामगार कमी करून कंत्राटी भरले, त्यांच्याच 'श्रमाला सलाम' करणाऱ्या जाहिराती वृत्तपत्रांतून झळकतात. आणि आपण काय करतो? युनियनच्या कचेरीवर लाल बावटा चढवितो, शिकागोच्या हुतात्म्यांच्या तसबिरीला हार घालतो, गेल्या वर्षीचेच भाषण पुन्हा करतो आणि उन्हे चढायच्या आत घरी परततो. मेची सुरुवात लग्नसराईची असते. पुष्कळ कार्यकर्त्यांना दुपारी कुठल्या तरी मांडवात पोचायचे असते. २ मे रोजी सगळे पूर्ववत चालू होते. झूल आणि बेगड तेवढी बदललेली असते.

सण आणि उत्सव यांच्याकडे समाजवाद्यांनी तुच्छतेने पाहू नये, असे आमचे मत आहे. सण म्हणजे काळावरची सत्ता. वर्षातला अमुक दिवस इतर दिवसांसारखा नाही, त्या दिवशी नांगर, माग, कचेरी, बाजार यांनी थांबले पाहिजे, असे सांगण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो तो समाजावर राज्य करीत असतो. हा अधिकार धर्माने वापरला, राजांनी वापरला, पुढे राष्ट्रांनी वापरला. जगाच्या पंचांगात बहुतेक सण असे वरून आलेले आहेत. मे दिनाचे वेगळेपण हे की तो खालून आला. तो कोणी दिला नाही. तो घेतला गेला.

हा इतिहास आपण पाठ म्हणतो, म्हणूनच त्यातले मर्म निसटते. अमेरिकेतील कामगार संघटनांच्या महासंघाने १८८४ साली ठराव केला की १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा मानला जाईल. ठरावाची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. सरकारने कायदा करावा, मालकांनी सहानुभूतीने विचार करावा, अशी ती विनवणी नव्हती. अमुक तारखेपासून आम्ही असे वागू, अशी ती सूचना होती. त्या तारखेला देशभर तीन लाखांच्या आसपास कामगारांनी काम थांबविले. ३ मे रोजी शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ४ मे रोजी हेमार्केटमध्ये निषेध सभा भरली. शहराचा महापौर कार्टर हॅरिसन स्वतः तेथे फिरून गेला आणि सभा शांत आहे असे पोलिसांना सांगून घरी गेला. पाऊस येऊ लागला होता, सभा पांगत होती, तेवढ्यात पोलीस आत घुसले आणि कोणीतरी बाँब टाकला. तो कोणी टाकला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. आठ जणांवर खटला चालला. बाँब त्यांनी टाकला असे सरकारपक्षालाही दाखविता आले नाही. पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगेल या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी दिले गेले. लिंग आदल्या दिवशी तुरुंगातच मरण पावला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असे जाहीरपणे लिहिले.

१८८९ च्या जुलैत पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने ठरविले की १ मे १८९० रोजी सर्व देशांतील कामगारांनी एकाच दिवशी आठ तासांच्या दिवसाची मागणी करावी. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने तीच तारीख आधी निवडली होती, म्हणून ती मान्य झाली. ठराव एका वर्षापुरता होता! दर वर्षी पाळावयाचा सण निर्माण करावा असे त्या वेळी ठरले नव्हते. परंतु १८९० चा १ मे असा काही पार पडला की तो पुन्हा येणे अटळ झाले.

आणि पहिल्याच वर्षी एक प्रश्न उभा राहिला, तोच या अग्रलेखाचा विषय आहे. १ मे १८९० हा गुरुवार होता. लंडनच्या संघटनांनी हाइड पार्कमधील प्रचंड सभा रविवारी, ४ मे रोजी घेतली; कोणाचा रोज बुडाला नाही. हँबर्गच्या कामगारांनी मात्र गुरुवारीच काम बंद ठेवले आणि तेथल्या मालकांनी एकजूट करून हजारोंना टाळेबंदीत ढकलले. दोन्ही ठिकाणी माणसे जमली, दोन्हीकडे बावटे फडकले. फरक इतकाच की एकीकडे मिळालेल्या सुट्टीत सभा झाली आणि दुसरीकडे सुट्टीच घेतली गेली. लंडनचे चुकले असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. पोटाला चिमटा किती घ्यायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पण मालकवर्गाने दोहोंतला फरक कामगारांच्या आधी ओळखला, हे हँबर्गच्या टाळेबंदीवरून दिसते. पुढच्याच वर्षी, १ मे १८९१ रोजी, उत्तर फ्रान्समधील फूर्मी या कापड गिरण्यांच्या गावात सैन्याने निदर्शकांवर गोळीबार केला. नऊ जण मेले, त्यांत तरुण मुली होत्या.

जे दडपता येत नाही ते आपलेसे करून घ्यावे, ही सत्तेची जुनी चाल आहे. मे दिनाच्या बाबतीत ती इतक्या देशांत इतक्या तऱ्हांनी खेळली गेली की कार्यकर्त्यांनी तिचा वेगळा अभ्यास करावा. अमेरिकेने १८९४ साली, पुलमन संप चालू असतानाच, सप्टेंबरचा पहिला सोमवार हा श्रमदिन म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा केला. सप्टेंबरातला हा दिवस कामगारांनीच १८८२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केला होता हे खरे. पण तो उचलून धरण्यामागे मेची आठवण पुसण्याचा उद्देश नव्हता असे कोणी म्हणणार नाही. १९५८ मध्ये तर अमेरिकी सरकारने १ मे हा 'निष्ठा दिन' आणि 'कायदा दिन' करून टाकला. व्हॅटिकननेही मागे राहायचे नाही असे ठरविले असावे. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये तोच दिवस सुतारकाम करणाऱ्या संत जोसेफला अर्पण केला. फ्रान्समध्ये १९४१ साली पेताँच्या सरकारने १ मे हा 'श्रमाचा आणि सामाजिक सलोख्याचा' सण ठरविला. कामगार छातीवर लावीत ते जंगली गुलाबाचे लाल फूल मागे पडून मुग्वेचे पांढरे फूल पुढे आले. आजही त्या दिवशी फ्रान्सच्या रस्त्यारस्त्यांवर ती पांढरी फुले विकली जातात आणि घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांच्या रंगाची कथा ठाऊक असते.

या सर्वांहून भयंकर धडा जर्मनीचा आहे. १ मेची पगारी सुट्टी कायमची मिळावी म्हणून जर्मन कामगार चळवळ वर्षानुवर्षे झगडली. वायमार प्रजासत्ताकात १९१९ चा एक अपवाद सोडला तर देशव्यापी सुट्टी तिला मिळाली नाही. ती हिटलरने दिली. १० एप्रिल १९३३ च्या कायद्याने १ मे हा 'राष्ट्रीय श्रमदिन' झाला. कामगार संघटनांच्या मध्यवर्ती नेतृत्वाने, आपले अस्तित्व तरी टिकेल या आशेने, सभासदांना सरकारी समारंभात सामील होण्याचे आवाहन केले. बर्लिनच्या टेंपेलहोफ मैदानावर अफाट जनसमुदाय जमला, रोषणाई झाली, हिटलरने श्रमाचा गौरव केला. दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी सकाळी, नाझी टोळ्यांनी देशभर संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना अटक केली आणि निधी जप्त केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचे याहून क्रूर उदाहरण इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

आपल्या बाजूचेही सांगितले पाहिजे. सोव्हिएत राजधानीत मे दिनी रेड स्क्वेअरवरून अनेक वर्षे रणगाडे गेले आणि लेनिनच्या समाधीवर उभे राहून नेते हात हलवीत राहिले. कामगाराने आपल्या दिवशी रांगेत चालायचे आणि वर उभ्या असलेल्यांनी ते बघायचे, ही व्यवस्था कामगारांच्या राज्यात कशी शोभावी? १ मे १९९० रोजी त्याच चौकात लोकांनी हुर्यो उडविली आणि गोर्बाचेव्ह समाधीवरून उतरून गेले. ज्यांनी ती घटना केवळ प्रतिक्रांतीच्या खात्यात मांडली, त्यांनी हिशेब अर्धाच केला. तुर्कस्तानात १ मे १९७७ रोजी इस्तंबूलच्या तक्सीम चौकातील सभेवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि किमान ३४ माणसे मेली. १९८० च्या लष्करी उठावानंतर सुट्टीही गेली. २००९ मध्ये ती परत मिळाली, पुढली तीन वर्षे तक्सीमही मिळाले, आणि २०१३ पासून पुन्हा पोलिसांचे कडे पडले. सुट्टी दिली, चौक दिला नाही.

मुंबईकडे येऊ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनसाठी तयार केले. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा, अशा त्या मागण्या होत्या. सूर्यास्ताला काम थांबावे ही ज्या काळी मागणी असते, त्या काळच्या कामाच्या दिवसाची कल्पना वाचकांनी करावी. लोखंडे सत्यशोधक होते, जोतीरावांचे सहकारी होते, 'दीनबंधू'चे संपादक होते. रविवार मागताना त्यांनी साहेबाच्या प्रार्थनेचा दाखला दिला नाही. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असे ते म्हणाले. आमच्यातील काही कडव्या मित्रांना हे ऐकून कसेसेच वाटते. आम्हाला यात लोखंड्यांची लोकांच्या पंचांगाची जाण दिसते. घाटावरून आलेल्या कामगाराच्या घरात जो वार आधीच पवित्र होता, तोच त्यांनी हक्काचा केला.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जगातल्या पहिल्या मे दिनाच्या अवघा एक आठवडा आधी ही सभा भरली. पॅरिसच्या ठरावातून ती निघालेली नव्हती. सहा वर्षांच्या स्वतःच्या झगड्यातून ती आली होती. आज आपण रविवारी उशिरा उठतो, मटण आणतो, मुलांना बागेत नेतो. हा रविवार आपल्याला कोणी मिळवून दिला हे मध्यमवर्गातल्या शंभरांपैकी किती जणांना सांगता येईल? मे दिनाच्या व्यासपीठावर शिकागोच्या तसबिरीशेजारी लोखंड्यांची तसबीर अजूनही सर्वत्र दिसत नाही. आणि त्या दोन स्त्रियांची तर तसबीरही नाही.

हिंदुस्थानात मे दिनाचा बावटा प्रथम मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर सिंगारवेलू चेट्टियार यांनी १९२३ साली उभारला. कामाच्या तासांचा कायदा मात्र गोगलगाईच्या गतीने आला. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, आणि ४८ तास १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना आणलेल्या दुरुस्तीने. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने त्यावर स्वतंत्र भारताची मोहोर उठविली. शिकागोपासून येथवर यायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

१९६० साली १ मेला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. संयुक्त महाराष्ट्र झाला. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. त्यांत गिरणगावातले कामगार होते, आणि हुतात्मा चौकातील स्मारकावर मशाल धरून उभे आहेत ते एक शेतकरी आणि एक कामगार. त्यामुळे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन यांत विरोध असण्याचे कारण नव्हते. पण हळूहळू एकाने दुसऱ्याला झाकून टाकले. आज शाळकरी मुलाला १ मे म्हणजे काय असे विचारले तर तो पहिल्या दिनाचे नाव सांगतो. स्मारकावरच्या कामगाराच्या हातात मशाल आहे, तो कशासाठी मेला हेही मुलाला सांगितले जाते. तो कसा जगत होता हे सांगितले जात नाही.

आता या सगळ्याचा आजच्या घडीशी संबंध काय, ते पाहू. २९ कामगार कायदे गुंडाळून केलेल्या चार श्रमसंहिता केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आणल्या. २१ नोव्हेंबर म्हणजे १९५५ साली फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तो दिवस. सरकारला हे स्मरले नसेल. आपल्याला स्मरायला हवे होते. या संहितांनी ले-ऑफ, कपात आणि बंदी यांसाठी सरकारी परवानगी लागणाऱ्या कारखान्यांची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. संपासाठी आगाऊ सूचना सर्व उद्योगांना सक्तीची केली. आणि औद्योगिक संबंध संहितेत संपाच्या व्याख्येत एक नवी ओळ घातली: एखाद्या आस्थापनेतील निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तोही संप समजला जाईल.

ही ओळ कार्यकर्त्यांनी दोनदा वाचावी. कामगाराची रजा हा त्याचा हक्क आहे; पण ती सगळ्यांनी मिळून एका दिवशी घेतली तर सूचनेविना तो बेकायदा संप. म्हणजे सुट्टी द्यायची असेल तर सरकार देईल, मालक देईल, शुभेच्छांसह देईल. कामगारांनी मिळून ती घ्यायची नाही. हँबर्गच्या मालकांना १८९० मध्ये जे टाळेबंदीने साधावे लागले, ते येथे व्याख्येच्या एका कलमाने साधले आहे.

तासांचेही तेच. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ पर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० पर्यंत नेण्यास, तसेच कारखान्यांतील जादा कामाची मर्यादा तिमाहीला ११५ तासांवरून १४४ पर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे समर्थन केले जाते. लेखी संमती! कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकावर ज्याचे नाव रोज नव्याने लिहिले जाते, तो कोणत्या कागदावर 'नाही' लिहिणार?

ही मागे सरणारी पावले परतविता येतात, हेही विसरू नये. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, गुजरात सरकारने काढलेली बारा तासांची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १ ऑक्टोबरला रद्द केली. तामिळनाडूच्या विधानसभेने २१ एप्रिल २०२३ रोजी बारा तासांना वाट करून देणारे विधेयक संमत केले. सत्ताधाऱ्यांचे मित्रपक्ष आणि सर्व रंगांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या, आणि १ मे २०२३ रोजी, सिंगारवेलूंच्या मे दिनाला शंभर वर्षे होत असताना, मुख्यमंत्री स्टालिन यांनी ते मागे घेतल्याचे जाहीर केले. मे दिन साजरा करण्याची याहून चांगली तऱ्हा आम्हाला माहीत नाही. आणि अमेरिकेत, जिथे हा दिवस जवळजवळ पुसला गेला होता, तिथे २००६ साली १ मे रोजी लाखो स्थलांतरित मजूर कामावर न जाता रस्त्यावर आले. त्यांना गुन्हेगार ठरविणारे विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले होते; ते पुढे कायदा होऊ शकले नाही. १८८६ चे शिकागोचे पुढारी बहुतांशी जर्मन स्थलांतरित होते, २००६ चे मोर्चेकरी बहुतांशी मेक्सिकन. मे दिन आपल्या गावी परतला तो परक्यांच्या पायांनी.

आपल्याकडे मात्र ज्यांचे पाय सर्वांत जास्त चालतात, तेच मे दिनाच्या सभेत नसतात. २०२० च्या टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर गावी जायला रुळांवरून चालत निघाले आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवरच झोपले असता मालगाडीखाली सोळा जण मेले. त्या वर्षीच्या मे दिनाला सात दिवस झाले होते. त्यांच्यापैकी कोणाला आपल्या एखाद्या संघटनेचे नाव ठाऊक असेल असे आम्हाला वाटत नाही, आणि हा दोष त्यांचा नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी आम्ही मे दिनाची सकाळची सभा घेत होतो. चाळीसेक माणसे होती, बहुतेक निवृत्तीला आलेली. एक तरुण सायकलवरून जाता जाता थांबला, बावट्याकडे पाहून म्हणाला, "काका, आज कसली सुट्टी आहे तुम्हाला?" आम्ही सांगितले. तो म्हणाला, "मग आमची पाळी कशी लावलीय?" उत्तराची वाट न पाहता तो आत गेला, उशीर झाला तर अर्धा रोज कापतात. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात १ मे ही पगारी सुट्टी म्हणून नावानिशी नोंदलेली आहे. पण तो कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू झाला. नऊ माणसांच्या दुकानात हा दिवस उजाडतच नाही. घरकाम करणाऱ्या बाईला त्या दिवशी उलट दुप्पट भांडी पडतात, कारण मालकाच्या घरी सगळ्यांना सुट्टी असते.

यावर काय करावे याविषयी आमच्या सूचना साध्या आहेत आणि त्या सर्व शाखांना मान्य होतील असा आमचा दावा नाही.

मे दिनाच्या महिनाभर आधी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील त्या आस्थापनांची यादी करावी, जिथे १ मेची सुट्टी कायद्याने देय असून दिली जात नाही, आणि ती नावानिशी मजूर कचेरीत दाखल करावी. कार्यक्रमपत्रिका छापण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, पण ते एका तालुक्यात जरी नीट झाले तरी त्या सायकलवाल्या तरुणाच्या प्रश्नाला काहीतरी उत्तर देता येईल.

दुसरी गोष्ट ग्रामीण भागाची. साखर कारखान्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यातले ऊसतोड मजूर १ मेच्या सुमारास आपापल्या गावी परतलेले असतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराने करणारा दुसरा धंदा आम्हाला माहीत नाही. या कोयत्याला आठ तास नाहीत, बारा तास नाहीत. गाडी कधीही येवो, मध्यरात्री उठून मोळ्या भरायच्या. पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून घेण्यापूर्वीचे हे थोडे महिने असे आहेत की ते सगळे एका जागी आणि काहीसे मोकळे असतात. मे दिन त्यांच्या वस्तीवर गेला पाहिजे, जिल्ह्याच्या गावातील सभागृहात नव्हे. तेथे शिकागोपासून आरंभ करण्याची गरज नाही. उचलीच्या हिशेबापासून करावा. शिकागो आपोआप येईल.

आणि सण करायचा तर सणासारखा करावा. आमच्या सभांना स्त्रिया येत नाहीत, मुले येत नाहीत, याचे खापर आपण नेहमी लोकांच्या मागासलेपणावर फोडतो. तीच माणसे गणपतीच्या मंडपात रात्र रात्र राबतात आणि आषाढात पंढरीला चालत जातात, कारण तेथे त्यांना काहीतरी करायचे असते. नुसते ऐकायचे नसते. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले तेव्हा त्यांना हे उमगले होते. पुढच्या काळात आपण डफ ठेवून दिला आणि ध्वनिक्षेपक तेवढा मोठा केला.

शेवटी वेळेचे. मे दिनाची सभा सकाळी दहाला घेण्याचा प्रघात ज्या काळात पडला, तेव्हा गिरण्या त्या दिवशी बंद असत. आता दहाच्या सभेला तेच येऊ शकतात ज्यांना सुट्टी आहे. तेव्हा यंदा निदान औद्योगिक वसाहतींच्या गावांत सभा रात्री साडेआठला, दुसरी पाळी चालू असताना आणि पहिली पाळी घरी जाऊन जेवून आलेली असताना ठेवावी, फाटकापासून चालत येता येईल अशा जागी ठेवावी, आणि घरकामगार बायकांपैकी कोणी बोलणार असेल तर तिला आधी बोलू द्यावे, कारण तिला पहाटे उठायचे असते.